मिटल्या डोळ्यांचा कारखाना

लोक काशीला जाऊन येतात, केदारनाथला जाऊन येतात आणि मग लिहितात. मी लिहिणार आहे बारामती आणि इंदापूरच्या प्रवासाबद्दल. पुण्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढंच अंतर. आता वाटेल, त्यात लिहिण्यासारखं काय? पण आमच्या घरात कुणी फार शहाणपणा करू लागलं की धाकटी नात म्हणते, "आजी, हिला कारखान्याची गोष्ट सांग." सांगून सांगून ती गुळगुळीत व्हायच्या आत एकदा कागदावर उतरवून ठेवते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. त्या वेळची मी तुम्हाला रस्त्यात भेटले असते तर तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर गेला असतात. मातकट रंगाची हातमागाची साडी, खांद्याला शबनम, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ, आणि आवाज मुद्दाम इतका खाली आणलेला की जणू सगळं जग शेजारच्या खोलीत झोपलंय. मी पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक होते. बरीच वर्षं कामगार कायदा शिकवून कंटाळले होते. मग एकदा मौनाच्या शिबिराला गेले. तिथून मला अर्ध्यातच घरी पाठवलं, कारण मी शेजारणीला मौनाचे फायदे समजावून सांगत होते. पण तेवढ्या अर्ध्या शिबिरावर मी आख्खा अभ्यासक्रम रचला, 'सजग नेतृत्व'. मोठ्या अधिकाऱ्यांनी क्षणभर थांबावं, श्वासाकडे बघावं, कानावर पडतं ते खरोखर ऐकावं, आणि मग निर्णय घ्यावा. कल्पना चांगलीच होती, आजही मला पटते. ती शिकवणारी बाई तेवढी कच्ची होती.

आमचे संचालक व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, एक वर्ग घेऊन दाखवा. इंदापूर तालुक्यातला एक साखर कारखाना तयार आहे. त्यांनी पुन्हा बोलावलं तर हा विषय कायमचा तुमचा. नाही बोलावलं तर जूनपासून कामगार कायदा, पहिलं वर्ष, सकाळी आठचा तास." सकाळी आठला पहिल्या वर्षाला कामगार कायदा ज्यानं शिकवलाय त्यालाच माझ्या जिवाची घालमेल कळेल.

पिंपळीचा हुरडा

कारखान्यानं जीप पाठवली होती. ड्रायव्हर बबनराव. पन्नाशीचे, पांढरी टोपी, मिशा अशा की स्टिअरिंगला लागतील. जेजुरी मागं पडली तसा मी वर्ग सुरू केला. रिकामा माणूस समोर दिसला की शिकवायचं, अशी सवयच होती मला.

"बबनराव, गाडी चालवताना तुमचं मन कुठं असतं?"

"मन व्हय? पिंपळीत," ते लगेच म्हणाले. "थोरल्या बहिणीनं हुरड्याला बोलवलंय. वाटेपास्नं लई आत न्हाय. जायाचं का?"

मी सजगतेनं विचार केला आणि हो म्हटलं. भूक लागली होती.

बारामती ओलांडली की जमिनीचा रंग आणि हवेचा वास दोन्ही बदलतात. कालव्याच्या कडेनं रस्ता जातो. पाणी इतकं सावकाश चाललेलं की ते चाललंय की आपण, असं वाटावं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाला तुरे आलेले. थंडीतल्या उन्हात ते तुरे रुपेरी दिसतात आणि वारा आला की सगळं शिवार एकदम कूस बदलतं. मध्येच एका मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. शेकड्यांनी, पण हलत नव्हती. कुणीतरी लोकर पिंजून वाळत टाकावी तशी. बबनराव म्हणाले, "आमच्या आज्याची बी हुती. शेतकरी बोलवायचं, रानात मेंढरं बसवायला. खत व्हतं ना. आता एक भाऊ ट्रॅक्टरवर, एक पोस्टात, अन् मी हितं. मेंढरू ऱ्हायलं न्हाय घरात. पर आई अजून सांजच्याला दारात उभी ऱ्हाती. कुणाची वाट बघतीस म्हणलं तर म्हणती, कुणाची न्हाय, सवय हाय." तेवढं बोलून त्यांनी गिअर बदलला.

पिंपळीत त्यांची बहीण पारूबाई शेताच्या बांधावरच बसली होती. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी, त्यात ज्वारीची कोवळी कणसं. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं आणि तो हिरवा गरम हुरडा लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. आमच्या पुण्यात हुरडा मागितला तर वाटीत घालून, वर चमचा ठेवून देतात. इथं पारूबाईनं माझा हात ओढला, तळव्यावर हुरडा ओतला आणि म्हणाली, "चमचा द्येवानं दिलाय की."

मी मात्र डोळे मिटून एकेक दाणा जिभेवर ठेवत होते. सजगपणे. शिबिरात मनुका अशीच खायला लावली होती.

पारूबाई बराच वेळ बघत राहिली. मग भावाला हळूच विचारलं, "बाईंचं दात दुकत्यात का रं?" आणि मला म्हणाली, "ताई, असा एकेक दाना खाल्ला तर संक्रांत हितंच व्हईल तुमची. बोकना भरा."

मी बोकणा भरला. त्यानंतर दुसरा. पुढचं आठवत नाही, इतकं ते सुखाचं होतं.

कारखान्यावर

कारखाना दिसायच्या आधी त्याचा वास येतो. मळीचा, आंबूस-गोड. पाहुण्याला तो एक दिवस छळतो, मग नाकच त्याला ओळखेनासं होतं. आवाजाचंही तसंच. गाळपाच्या हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो आणि त्याची एक घरघर सगळ्या पंचक्रोशीत भरून असते. गेस्ट हाउसच्या टेबलावर तांब्या ठेवला तर आतलं पाणी शहारायचं. मी तिथल्या व्यवस्थापकाला म्हटलं, "फार आवाज आहे हो." तो म्हणाला, "कसला?" खरंच विचारत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बबनरावांनी नीरेच्या काठी नेलं. धुकं इतकं दाट की नदी दिसत नव्हती, नुसती जाणवत होती. पलीकडून कुणीतरी बैलांशी बोलत होतं, माणूस दिसत नव्हता. पाण्यातून एक बगळा निघाला आणि धुक्यात शिरून पुसला गेला. मी शालीत हात घालून उभी होते आणि मला वाटत होतं की मी अजून उठलेलीच नाही. त्या काठावर मी कुणाला काही शिकवलं नाही, ही त्या आख्ख्या प्रवासातली माझी एकमेव शहाणी सकाळ.

मग वर्ग. आमच्याकडे वक्ता येतो आणि बोलायला लागतो. तिथं आधी सत्कार. शाल, श्रीफळ, हार. मला हार, एमडी साहेबांना हार, मला हार घालणाऱ्यालाही हार. एमडी म्हणजे कारखान्याचे कार्यकारी संचालक. करड्या केसांचे, कमी बोलणारे, इस्त्रीची सफारी घालणारे. त्यांच्यासाठी पुढं सोफा. त्यांच्या मागं चीफ केमिस्ट कदम, त्यांच्या मागं बाकीचे अधिकारी, पगाराच्या उतरत्या क्रमानं. एमडी साहेब हसले की पहिली रांग हसायची, मग दुसरी. शेवटच्या रांगेपर्यंत हसू पोचेपर्यंत मी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असायची.

मी सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगितलं. शेती अधिकाऱ्यांनी श्वासाकडे असं बघितलं की तो पार शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू यायला लागला. म्हणून दुपारच्या जेवणात मी नवा बेत केला. जेवणानंतर सगळ्यांना हिरवळीवर उभं करायचं. उभा माणूस घोरत नाही.

जेवताना एमडी साहेबांनी विचारलं, "मॅडम, यात माझ्यासाठी वेगळं काही?"

पानात वांग्याचं भरीत होतं, बाजरीची भाकरी होती, वर लोण्याचा गोळा. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीही निघतं. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "खरा नेता सगळ्यात शेवटी डोळे उघडतो."

हे वाक्य मी त्याच क्षणी, भरिताचा घास घेताना, रचलं होतं. एमडी साहेबांनी मान हलवली. त्यांच्यावर फार परिणाम झाला. माझ्यावरही झाला.

हिरवळीच्या मध्ये झेंड्याचा खांब होता, त्यावर सहकाराचा सप्तरंगी झेंडा. मी सगळ्यांना खांबाभोवती गोल उभं केलं. चपला-बूट काढायला लावले, जमिनीचा स्पर्श कळावा म्हणून. टोप्या काढायला लावल्या, डोक्याला हवा लागावी म्हणून. माना किंचित खाली. "आता डोळे मिटा," मी म्हटलं. "मी काही सांगणार नाही. तुमच्या मनाला वाटेल तेव्हा उघडा." आणि मीही मिटले.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या आलं नव्हतं. अधिकारी साहेबांच्या आधी डोळे उघडणार नव्हते. आणि साहेब अधिकाऱ्यांच्या आधी उघडणार नव्हते.

पहिल्यांदा माझ्या पायाखाली गवत गार लागलं. मग पाठीवर ऊन आलं. मग ऊन, गवत आणि मी यांत फरक करणं अवघड व्हायला लागलं. कुणी खोकत नव्हतं. कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, काय विलक्षण वर्ग आहे! पहिल्याच दिवशी एवढी खोली! मध्येच कुठंतरी भोंगा वाजला, लांबलचक. मी त्याला येऊ दिलं, जाऊ दिलं, शिबिरात सांगितलं होतं तसं. आणि मग एकाएकी सगळं थांबलं.

म्हणजे खरोखरच सगळं. आतल्या आत चाललेली एक थरथर, जी आहे हेसुद्धा मी विसरले होते, ती गेली. पायाखालची जमीन निवांत झाली. त्या शांततेत एक होला पक्षी घुमला, आणि तो इतका जवळ वाटला की माझ्या छातीतच बसलाय. लांब कुठंतरी बैलाच्या गळ्यातला घुंगरू एकदा वाजला. उसाची पानं एकमेकांना घासत होती, पातळ कागदासारखी. मला वाटलं, लागली. समाधी लागली. शेजारणीमुळं जी शिबिरात हुकली, ती इंदापूर तालुक्यात लागली. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. बबनराव होते. टोपी हातात, आवाज भरलेला.

"बाई, उघडा डोळं. आबा गेलं."

कळंब

आबा म्हणजे कारखान्याचे पहिले अध्यक्ष. गावोगाव सायकलवर फिरून त्यांनी भागधारक गोळा केले होते. आता ऐंशीच्या पुढं, कळंबला घरीच असत. मागच्याच महिन्यात बारामतीच्या दवाखान्यात जाऊन आले होते.

हे सगळं मला जीपमध्ये कळलं. एमडी साहेब पुढं बसले होते, ताठ, समोर बघत. मागं मी आणि कदम. कदमांच्या हातात हार. सकाळच्या सत्कारातले हार टेबलावर होते, त्यातला त्यांनी घाईत उचलला होता. जड होता तो उचलला. तो माझा होता.

कारखान्याच्या फाटकापासून उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. एरवी तिथं आरडाओरडा असतो, वजनकाट्यावर आधी कुणाचा नंबर म्हणून. आता गाडीवान गाड्यांखाली उकिडवे बसले होते, मुंडाशी काढून. ट्रॅक्टर बंद. रस्त्यावर आमच्या जीपखेरीज काही वाजत नव्हतं. दुपारचं ऊन तिरपं होऊन तुऱ्यांवर पडलं होतं आणि सगळं शिवार एखाद्या मोठ्या, जुन्या तसबिरीसारखं जागच्या जागी होतं. कळंबच्या चौकात एक दुकानदार शटर खाली ओढत होता, इतक्या हळू, की त्याचा आवाज होऊ नये. मी इतकं सुंदर दुःख कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाला मी कधी भेटले नव्हते त्याच्यासाठी मला रडू येत होतं.

आबांच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली एक खुर्ची होती. खुर्चीत आबा होते. गळ्याभोवती पंचा, एका गालाला साबणाचा फेस. न्हावी वस्तरा घेऊन दुसरा गाल करत होता.

जीप थांबली. मागची दुसरी जीप थांबली. सगळे उतरले आणि उतरले तिथंच राहिले.

"यावा," आबा म्हणाले. "समदंच आलासा? आन टोप्या कुठं तुमच्या?" मग त्यांची नजर कदमांच्या हाताकडे गेली. कदमांनी हार पाठीमागं नेला, पण तो हार लपण्यातला नव्हता. "ह्यो हार कुनाला रं?"

 आमच्या पुण्यात कोण गेलं ते माणूस वर्तमानपत्रात वाचतो आणि मग कपडे बदलतो. इथं आधी टोपी काढून बसतात, नाव नंतर निघतं. अमंगळ शब्द आपल्या तोंडून आधी निघू नये, असा रिवाज. आणि इथं तर ज्याचं नाव घ्यायचं तोच विचारत होता.

आबांच्या सूनबाई पदर खोचत बाहेर आल्या. चौकातून बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली असावी. "हार कुनाला म्हंजी? मामांस्नी!" त्या कडाडल्या. "जित्त्या मानसाच्या दारात हार घिऊन येता, लाज हाय का न्हाय? मघाधरनं तीन बाया पदर डोळ्याला लावून डोकावून गेल्या. चुलीवर आमटी हाय माझी!"

आबांनी न्हाव्याचा हात बाजूला केला. "थांब की वाईच." आणि मग, मला वाटलं होतं तसे ते रागावले नाहीत. मान तिरकी करून त्यांनी कान दिला. "गाळप बंद हाय नव्हं?"

"व्हय आबा," कदम पुटपुटले.

"मग बराबर. मघाशी घरघर थांबली आन मला बी वाटलं, गेलो आपुन. म्हनलं, सुकानं गेलो, दुकलं बी न्हाय काय. पर ह्यो बाबा बोलायचा थांबंना." त्यांनी न्हाव्याकडं बोट केलं. "म्हनलं, सरगात ह्यो कशाला आसंल?"

कुणाला हसायचं धाडस झालं नाही. सगळ्यांनी एमडी साहेबांकडे बघितलं. एमडी साहेब हसले नव्हते.

"भोंगा कुनी वाजीवला?" आबांनी विचारलं.

हळूहळू सगळं उलगडलं. हिरवळीवरच्या पहारेकऱ्यानं बघितलं, सगळे मोठे साहेब अनवाणी, बोडक्यानं, माना खाली घालून झेंड्याभोवती उभे. पुण्याच्या बाईही तशाच. दोन मिनिटं झाली, पाच झाली, कुणी हलेना. एवढं मोठं मौन म्हणजे माणूसही तेवढाच मोठा. विचारायचं कसं? त्यानं आपण होऊन झेंडा अर्ध्यावर आणला. फाटकावरच्यानं झेंडा बघितला, भोंगा दिला. भोंगा ऐकून गव्हाणीवरच्यांनी, म्हणजे ऊस जिथून कारखान्याच्या पोटात जातो तिथल्यांनी, हात थांबवले. नाव कुणीच विचारलं नाही. ज्यानं त्यानं मनातल्या मनात आबांचंच घेतलं.

"आन तुमी समदं तितं उभं हुता," आबा म्हणाले. "भोंगा वाजला, गाळप थांबलं, तरी तसंच उभं? हंगामात? कुनी सांगितलं हुतं?"

आता माझी पाळी. मी कुठं होते? मी सूनबाईंच्या मागं, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याच्या आडोशाला होते, आणि लिंबाच्या शेंड्याचा फार बारकाईनं अभ्यास करत होते. कामगार कायदा, पहिलं वर्ष, सकाळी आठ. मला फळासुद्धा दिसत होता.

एमडी साहेब एक पाऊल पुढं आले. सकाळपासून मी त्यांना पुस्तकातलं मराठी बोलताना ऐकलं होतं. आता ते वेगळंच बोलले.

"मी, आबा. भोंगा मला बी ऐकू आला हुता. गव्हाण थांबल्याली पायाला कळली. मी डोळं उघडायला पायजे हुतं. न्हाय उघडलं."

"का?"

"समद्यांच्या शेवटी उघडायचं, असं मी ठरवलं हुतं."

"तूच ठरवलं?"

"मीच."

लुगड्याच्या आडून मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. सफारीवर घामाचा मोठा डाग होता. मी शंभर व्याख्यानं दिली असती तरी कुणाला हे एवढं शिकवू शकले नसते. आणि ते वाक्य खरं तर माझं होतं, हे सांगायला माझे पाय काही लुगड्याआडून बाहेर आले नाहीत. त्या वेळची मी अशी होते. सजग, पण आडोशाला.

आबांनी गळ्याभोवतीचा पंचा काढला. "कबूल केलंस न्हवं, मग झालं," ते म्हणाले. आणि लुगड्याकडं बघून, "बाई, तुमी यावा की हिकडं. काय शिकवता तुमी ह्यास्नी?"

मी बाहेर आले. खाली आणलेला आवाज आता आपोआपच खाली होता. "गप्प उभं राहायला, आबा."

"लई अवघड काम. चेरमन हुतो तवर मला कंदी जमलं न्हाय ह्यांच्याकडनं." ते उठले. एक गाल गुळगुळीत, एका गालाला फेस. "चला. मी तितं दिसल्याबिगार कुनी गव्हाणीत मोळी टाकायचं न्हाय. आन तो हार आना हिकडं. मानसं वाट बघत असत्याल, मोकळ्या गळ्यानं कसं जायाचं?"

सूनबाई ओरडल्या, "मामा, दाढी तरी!" पण ते जीपमध्ये चढले होते.

परतीचा तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. गाडीवान उठून उभे राहत होते, एकामागून एक, वारा आल्यावर ऊस उभा राहतो तसे. एक म्हातारी जीपच्या आडवी आली. आबांचा हात हातात घेतला, गालाला लावून बघितला, ऊब आहे का. मग म्हणाली, "काय बी करता बया तुमी," आणि बाजूला झाली. गव्हाणीपाशी आबांनी उसाची एक मोळी दोन्ही हातांनी उचलून आत टाकली. कुठूनतरी आधी एक कण्हणं आलं, मग गडगडाट, आणि मग ती घरघर परत आली आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावरून पांघरुणासारखी ओढली गेली. होल्याचा आवाज त्या पांघरुणाखाली गेला तो गेलाच.

एमडी साहेब माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी जाता जाता म्हणाले, "उद्याचा वर्ग... सकाळी बघू, मॅडम." मी खोलीवर जाऊन बॅग भरली.

शेवटची सकाळ

मी बॅग घेऊनच सभागृहात गेले. कुणी येणार नाही अशी खात्री होती. सगळे आले. एमडी साहेब आले आणि सोफ्यावर बसले नाहीत. एक लोखंडी खुर्ची ओढून इतरांसमोर, म्हणजे माझ्या जागी बसले. मी मुकाट्यानं मागच्या रांगेत जाऊन बसले.

"काल भोंगा कुणाकुणाला ऐकू आला होता?" त्यांनी विचारलं.

 आधी कदमांनी हात वर केला. मग शेती अधिकाऱ्यांनी. मग सगळेच हात.

"मग डोळे का नाही उघडले?"

कदमांनी घसा खाकरला. "साहेब, तुमचे मिटलेले होते."

"ते तुम्हाला कसं कळलं?"

 कदमांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बारीक उघडून बघितलं, साहेब. तुमचे मिटलेले दिसले. परत मिटले."

"अजून कुणी बघितलं?"

पुन्हा हात. हळूहळू, एकमेकांकडे बघत, सगळे.

एमडी साहेबांनी आपला हात वर केला. "मी बी बघितलं," ते म्हणाले. "तुमा समद्यांचं मिटल्यालं हुतं."

आधी शेवटची रांग हसली. साहेबांच्याही आधी. मग ते हसू पुढं आलं, आणि एमडी साहेब सगळ्यात शेवटी हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आता मला सांगा, या कारखान्यात आणखी काय काय आपण बारीक डोळ्यानं बघितलंय आणि परत मिटलंय?" कदमांनी एक सांगितलं. मग स्टोअरवाल्यानं एक. शेती अधिकारी तर उठून उभेच राहिले. जेवणाची घंटा झाली तरी ते थांबेनात. मी मागच्या रांगेत एक शब्द बोलले नाही. मला कुणी विचारलंही नाही.

निघताना एमडी साहेब जीपपर्यंत आले. "मॅडम, पुढची तुकडी आमच्या ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या चिटबॉयपर्यंतची सगळी घेऊ. तुमच्या संचालकांना आजच फोन करतो. फक्त हंगाम संपल्यावर या." कामगार कायदा माझ्या आयुष्यातून त्या क्षणी गेला, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत मी हेच शिकवलं, मुंबईच्या वातानुकूलित हॉटेलांमध्ये, कंपन्यांच्या थोर थोर साहेबांना.

बबनरावांनी गाडी सुरू केली तसे एमडी साहेब खिडकीपाशी वाकले. "एक विचारायचं राहिलं. मॅडम, तुम्ही कधी बघितलं बारीक डोळ्यानं? आमच्या आधी की नंतर?"

मी फक्त हसले, फार अर्थपूर्ण. ते मान हलवून मागं झाले. त्या हिरवळीवर डोळे खरोखर मिटलेली मी एकटीच होते, हे त्यांना मी आजतागायत कळू दिलेलं नाही.